शर्यतीचे शीड: आधी आकार, मग क्षेत्रफळ

सहलीसाठी घेतलेली शिडाची होडी क्लबच्या शर्यतीत उतरवायची ठरली की मालक पहिल्यांदा शिडांचा विचार करतो. ते बरोबरच आहे, कारण होडीला पुढे नेणारी सगळी ताकद शिडातून येते. चूक होते ती पुढच्या पावलावर. बहुतेकांना आधीपेक्षा मोठे शीड हवे असते, किंवा मोठ्या शर्यतींच्या छायाचित्रांत दिसते तसे काळ्या-तपकिरी धाग्यांचे महागडे शीड हवे असते. क्लबच्या शर्यतीत या दोन्हींचा फायदा मालक समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. फायदा खरोखर होतो तो ज्याचा आकार वाऱ्यात टिकतो आणि वारा वाढला की जे झटपट लहान करता येते अशा शिडाचा. आधी आकार, मग क्षेत्रफळ, आणि कापडाची चैन सगळ्यांत शेवटी, असा क्रम या लेखात सुचवला आहे. त्यामागची कारणे नीट तपासली तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे प्रत्येकाला आपापल्या होडीपुरते ठरवता येईल.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाचकांनी हा विषय फक्त समुद्रकाठच्या लोकांचा समजू नये. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यामागे पसरलेला यशवंतसागर एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा जलाशय आहे, आणि भिगवण, पळसदेव, कळाशी ही इंदापूर तालुक्यातली गावे त्याच्याच काठावर आहेत. आज या पाण्यावर दिसतात त्या मासेमारीच्या आणि पक्षी पाहायला आलेल्यांना फिरवणाऱ्या होड्या. शिडांच्या शर्यतीची जुनी परंपरा आहे ती मुंबई बंदरात, जिथे रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही शिडाच्या होड्या चालवतात. ट्रेलरवर चढणारी वीस-बावीस फुटांची सहलीची होडी ज्यांच्याकडे आहे किंवा जे घेऊ पाहत आहेत, त्यांना उजनी हे सरावाचे पाणी होऊ शकते आणि मुंबई शर्यतीचे. जलाशयावर होडी उतरवण्याआधी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्या भागापासून लांब राहावे. एवढे पाळले तर शीड पारखायला याहून मोकळे पाणी जवळपास मिळणार नाही.

हँडिकॅपचा हिशेब काय सांगतो

क्लबच्या शर्यतीत वेगवेगळ्या बनावटीच्या होड्या एकत्र धावतात, म्हणून प्रत्येकीला हँडिकॅप दिलेला असतो. लहान उघड्या होड्यांसाठी पोर्ट्समथ यार्डस्टिक, मोठ्या नौकांसाठी आयआरसी, उत्तर अमेरिकेत पीएचआरएफ अशा निरनिराळ्या पद्धती आहेत. आपला क्लब कोणती पद्धत वापरतो हे शीड मागवण्याआधी विचारून घ्यावे. तपशील वेगळे असले तरी या पद्धतींचे मूळ तत्त्व एकच आहे. होडीची लांबी, वजन आणि शिडाचे क्षेत्रफळ यांवरून, किंवा तशा होड्यांच्या आजवरच्या कामगिरीवरून, तिचा अपेक्षित वेग ठरतो आणि त्यानुसार तिचा वेळ दुरुस्त केला जातो. याचा अर्थ, मोठे शीड लावले की हँडिकॅप बदलतो आणि मिळवलेला वेग कागदावर बराचसा परत द्यावा लागतो. पीएचआरएफच्या अनेक ताफ्यांत पुढच्या शिडासाठी, म्हणजे जेनोआसाठी, १५५ टक्के ही पायाभूत मर्यादा धरतात. डोलकाठीपासून पुढच्या तारेपर्यंतचे डेकवरचे अंतर म्हणजे १०० टक्के. शिडाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंतचे लंब अंतर त्याच्या किती टक्के भरते, यावरून जेनोआचा आकडा ठरतो. मर्यादा ओलांडली तर दंड बसतो आणि शीड लहान असेल तर सवलत मिळू शकते.

शीड जुने आहे, ताणले गेले आहे, त्याचे पोट मागे सरकले आहे, याची सवलत मात्र हँडिकॅप देत नाही. होडीला चांगली शिडे आहेत असे गृहीत धरूनच आकडा ठरतो. म्हणून खराब आकाराचे शीड ज्याची भरपाई कोणी करत नाही असा तोटा ठरतो, आणि चांगल्या आकाराचे शीड ज्याचा दंड कोणी लावत नाही असा फायदा. हा फायदा किती मोठा आहे ते साध्या भूमितीने काढता येते. वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या बोयेकडे होडी सरळ जाऊ शकत नाही, तिला आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरपे जावे लागते. चांगल्या शिडाची होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून जात असेल तर एक सागरी मैल वर जाण्यासाठी तिला साधारण १.४१ मैल कापावे लागतात. शिडाचा आकार बिघडल्यामुळे तोच कोन ५० अंश झाला तर अंतर १.५६ मैलांवर जाते. फक्त पाच अंशांच्या फरकाने वाट दहा टक्के वाढली. होडीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल, धरला तर प्रत्येक मैलामागे शंभरेक सेकंद गेले. समजा, मोठ्या जेनोआबद्दल मैलामागे सहा सेकंदांचा दंड बसतो. त्या सहा सेकंदांवर तासन् तास वाद घालणारे मालक हे शंभर सेकंद दर शर्यतीत पाण्यात सोडतात.

क्षेत्रफळ वाढवण्याला आणखी एक मर्यादा आहे, ती होडीच्या लांबीची. पाणी कापत जाणारी जड बुडाची होडी आपल्याच लाटेत अडकते. तिच्या वेगाची वरची मर्यादा नॉटमध्ये काढायची तर पाण्यातल्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणायचे. पाण्यातली लांबी वीस फूट असेल तर हा आकडा सुमारे सहा नॉट येतो. चांगल्या वाऱ्यात साध्या शिडावरही होडी या मर्यादेजवळ पोचते. त्यानंतर वाढवलेले शीड तिला पुढे ढकलत नाही, बाजूला कलवते. कललेली होडी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते, तिला सरळ ठेवायला सुकाणू तिरपे धरावे लागते, आणि तिरपे सुकाणू पाणी अडवते. थोडक्यात, मोठ्या शिडाचा खरा उपयोग मंद वाऱ्यापुरता असतो, तर चांगल्या आकाराचा उपयोग प्रत्येक वाऱ्यात होतो.

जुने शीड तपासावे कसे

नवे शीड मागवण्याआधी जुन्याची नीट तपासणी करावी, कारण काही वेळा दोष शिडात नसून ते लावण्यात असतो. शिडाच्या उंचीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण भागात पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आडवी रंगीत चिकटपट्टी लावावी. आठ-दहा नॉटच्या स्थिर वाऱ्यात, होडी वाऱ्याला जमेल तितकी जवळ ठेवून, खालच्या कडेच्या मध्याशी बसून मोबाइलने वरच्या टोकाकडे छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात पट्टीची दोन टोके सरळ रेषेने जोडली की पट्टी त्या रेषेपासून जास्तीत जास्त किती दूर जाते आणि कुठे जाते हे मोजता येते. मागच्या मुख्य शिडाचे पोट रुंदीच्या साधारण १० ते १४ टक्के खोल असावे आणि रुंदीच्या मध्याजवळ किंवा त्याच्या किंचित पुढे असावे. जेनोआचे पोट आणखी पुढे, रुंदीच्या ३५ ते ४० टक्क्यांवर असले पाहिजे, आणि ते थोडे जास्त खोल असले तरी चालते. पोट रुंदीच्या मध्याच्या मागे सरकले असेल आणि मागची कड आत वळली असेल तर आधी पुढच्या कडेचा ताण वाढवून पाहावा. तेवढ्याने पोट पुढे आले तर शिडात जीव आहे. कितीही ताणले तरी ते मागेच राहिले तर कापड गेले आहे.

कापड जाते म्हणजे नेमके काय होते तेही समजून घ्यावे. सहलीच्या होडीचे शीड सहसा पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाचे असते आणि सगळे त्याला डेक्रॉन म्हणतात. धागे उभे-आडवे विणलेले असतात, पण वाऱ्याचा ओढा अनेकदा तिरका येतो. तिरक्या ओढ्याला धागे सरकू नयेत म्हणून कापडावर राळेसारखा थर दाबून बसवलेला असतो. शीड वाऱ्यात फडफडत राहिले, कसेही कोंबून पिशवीत भरले, उन्हात उघडे राहिले की हा थर तडकतो आणि मग धागे सरकू लागतात. बाजेची नवार ढिली झाली की माणूस बसताच मध्ये खोलगा पडतो, तसे हे शीड वाऱ्याचा जोर येताच मध्ये खोल होते. नेमका जोराच्या वाऱ्यात ते सपाट व्हायला हवे तेव्हाच ते फुगते. दिसायला शीड धडधाकट असते, शिवण उसवलेली नसते, भोक नसते, म्हणून मालकाला ते बदलावेसे वाटत नाही. सहलीला ते वर्षानुवर्षे चालतेही. शर्यतीत मात्र त्याचा काळ संपलेला असतो.

पहिला खर्च कोणत्या शिडावर

एकाच शिडापुरते पैसे असतील तर बहुतेक सहलीच्या होड्यांत ते पुढच्या शिडावर खर्च करावेत. पुढच्या शिडासमोर डोलकाठी नसते, त्यामुळे त्याला स्वच्छ वारा मिळतो आणि वाऱ्याच्या तोंडावर जाताना ते फार काम करते. शिवाय सहलीच्या होडीत सर्वांत जास्त हाल याच शिडाचे होतात. ते फर्लरवर, म्हणजे पुढच्या तारेवरच्या गुंडाळायच्या साधनावर, गुंडाळलेले राहते, वारा वाढला की अर्धेच उघडून वापरले जाते, आणि उन्हापासून वाचवण्यासाठी कडेला शिवलेली जड पट्टी त्याचा आकार ओढत असते. समोरचे दिसावे म्हणून ते डेकपासून उंच कापलेले असते, त्यामुळे खालून वारा निसटतो. नवे शीड डेकला घासत जाईल इतके खाली, १३५ ते १४० टक्क्यांचे आणि हलक्या संरक्षक पट्टीचे करून घ्यावे. दोघा-तिघांच्या चमूला १५५ टक्क्यांचा जेनोआ प्रत्येक वळणावर डोलकाठीभोवतून ओढून आणायला जो वेळ लागतो, तो या मापात वाचतो. अर्धे गुंडाळूनही आकार टिकावा म्हणून पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेता येते, आणि ज्याला एकच पुढचे शीड परवडते त्याने ती घ्यावीच. ज्या होडीची पुढची तार डोलकाठीच्या टोकापर्यंत जात नाही आणि मुख्य शीड मोठे, पुढचे शीड लहान आहे, तिथे मात्र हा क्रम उलटा करून आधी मुख्य शीड बदलावे.

स्पिनेकरचा मोह पहिल्या हंगामात टाळावा. वारा पाठीशी असताना फुगणारे ते रंगीत शीड वेग देते हे खरे, पण त्यासाठी सराव झालेला चमू लागतो. अनेक क्लबांत स्पिनेकर न वापरणाऱ्या होड्यांचा वेगळा गट किंवा वेगळा हँडिकॅप असतो, तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. पुढे घ्यायचे ठरले तर मोज्यासारख्या आवरणातून उघडणारा असिमेट्रिक स्पिनेकर सहलीच्या होडीला जास्त सोयीचा. नवे शीड कोणतेही असो, ते मोजून घ्यावे आणि माप क्लबला कळवावे. न कळवता वापरलेले क्षेत्रफळ ही फसवणूक आहे आणि त्यावर मिळालेले बक्षीस बाळगण्यात आनंद नाही.

महाग कापडाची बाजू

इथे एक रास्त आक्षेप येतो. आकार टिकणे हेच सर्वांत महत्त्वाचे असेल आणि हँडिकॅप कापडाच्या जातीवर सहसा दंड लावत नसेल, तर मायलरच्या पातळ पडद्यात ॲरामिड किंवा कार्बनचे धागे बसवलेले लॅमिनेट शीडच का घेऊ नये? ते डेक्रॉनपेक्षा खूप कमी ताणते, हे निर्विवाद आहे. पण शिडावरचा भार होडीच्या आकाराबरोबर वाढत जातो. चाळीस फुटी नौकेच्या जेनोआवर जो ओढा येतो त्याच्या मानाने वीस-बावीस फुटी होडीचा ओढा फार कमी, म्हणून तिथे चांगले डेक्रॉन अनेक हंगाम पुरेसा आकार धरते. दुसरे म्हणजे लॅमिनेटचा घात हळूहळू होत नाही. घड्या पडल्या, ओलसर गुंडाळून ठेवले, कडक उन्हात राहिले की थर सुटू लागतात, बुरशी आत शिरते आणि शीड कामातून जाते. मुंबईची दमट हवा आणि बारामतीच्या पत्र्याच्या शेडमधली उन्हाळ्याची उष्णता, दोन्ही त्याला मानवत नाहीत. तिसरे, ही होडी घरच्यांना घेऊन फिरायलाही वापरायची आहे. रोजच्या वापरापासून जे शीड जपून ठेवावे लागते, त्याच्यासोबत सहलीचा दुसरा संच ठेवावा लागेल, आणि त्या दुहेरी खर्चात डेक्रॉनचे पुढचे आणि मागचे अशी दोन्ही शिडे नवी होऊ शकतात.

टिकाऊपणा आणि वेग यांची अशी सांगड घालावी लागतेच. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. तसल्या प्रवासात शीड महिनोन् महिने उन्हावाऱ्यात उभे असते, तेव्हा टिकाऊपणाला पहिला मान. दुसऱ्या टोकाला, फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या नौका दर हंगामात शीड बदलतात. क्लबच्या शर्यतीत उतरणारी सहलीची होडी या दोन टोकांच्या मधली आहे आणि तिच्या मालकाने शीडही मधलेच निवडावे. उत्तम प्रतीचे, घट्ट विणीचे डेक्रॉन, आडव्या पट्ट्यांत कापलेले, आणि मुख्य शिडाला वरच्या भागात पूर्ण रुंदीच्या बॅटन, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या लवचिक पट्ट्या. कार्बनपेक्षा कितीतरी कमी पैशांत एवढ्याने बहुतेक फायदा मिळतो.

शीड ताणणाऱ्या दोऱ्या

नवे शीड जुन्या, ताणणाऱ्या हॅलियार्डवर चढवणे म्हणजे निम्मे पैसे वाया घालवणे. हॅलियार्ड म्हणजे शीड वर ओढून धरणारी दोरी. साध्या पॉलिस्टरची जुनी दोरी वाऱ्याच्या झोतात लांबते, पुढची कड सैल होते आणि शिडाचे पोट नको तेव्हा मागे जाते. म्हणून नव्या शिडाबरोबर डायनिमाची कमी ताणणारी हॅलियार्ड घ्यावी. मुख्य शिडाला पुढची कड खाली ओढणारी कनिंगहॅमची दोरी, खालची कड मागे ताणणारी आउटहॉल आणि बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली धरणारी व्हँग या तिन्ही सुकाणूजवळ बसून हाताळता आल्या पाहिजेत. वारा वाढला की तिन्ही घट्ट करायच्या, मंदावला की सैल. होडीला मागच्या तारेचा ताण बदलण्याची सोय असेल तर ती तार घट्ट केल्यावर पुढची तार ताठ होते आणि जेनोआ सपाट होतो. या साऱ्याचा खर्च एका शिडापेक्षा बराच कमी आहे, आणि एकच शीड मंद वाऱ्यात पोटभर आणि जोराच्या वाऱ्यात सपाट ठेवण्याची ताकद यातूनच येते.

जेनोआचा मागचा कोपरा ओढणारी दोरी, म्हणजे शीट, ज्या सरकत्या गाडीतून जाते ती गाडी कुठे ठेवायची हे लोकरीचे धागे सांगतात. पुढच्या कडेजवळ खाली, मध्ये आणि वर शिडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांबीचे धागे चिकटवावेत. हळूहळू वाऱ्याकडे वळताना तिन्ही जागचे वाऱ्याकडच्या बाजूचे धागे एकाच वेळी थरथरले तर गाडी योग्य जागी आहे. वरचा आधी थरथरला तर गाडी पुढे सरकवावी, खालचा आधी थरथरला तर मागे. घरच्या लोकरीत होणाऱ्या या सोयीइतके शिकवणारे दुसरे साधन होडीवर नाही. याच्याही आधी होडीचे बूड घासून गुळगुळीत करावे आणि आउटबोर्ड इंजिन शर्यतीत पाण्याबाहेर उचललेले असावे. शेवाळलेल्या बुडावर कोणतेही शीड पूर्ण किमतीचे काम देत नाही.

उजनीचा वारा आणि शीड लहान करण्याची कला

उजनीवर सराव करणाऱ्याला इथल्या वाऱ्याचे गणित ठाऊक हवे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग आहे. जून ते ऑगस्टमध्ये ढग घाटावर रिकामे होऊन येतात, पण पश्चिमेचा वारा इथे जोरात वाहतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडांच्या शर्यती जुलैमध्ये भरतात त्या याच मोसमी वाऱ्याच्या भरवशावर. पण उजनी जूनमध्ये अनेकदा उणे साठ्यात असते आणि वरच्या धरणांचे विसर्ग आल्यावर भरते. म्हणजे वारा भरपूर असतो तेव्हा सुरुवातीला पाणी कमी, आणि पावसाळ्याअखेरीस जलाशय भरलेला असतो तेव्हा वारा मंद होऊ लागलेला. पाणी उतरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, त्याचप्रमाणे बुडालेल्या वस्त्यांचे अवशेष आणि बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. वर उचलता येणारा सेंटरबोर्ड, म्हणजे बुडाखालची फळी, असलेली होडीच इथे चालवावी. जलाशय भीमेच्या खोऱ्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेला असल्याने पश्चिमेच्या वाऱ्याला धावायला लांब पट्टा मिळतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा लाटांत शिडाचे पोट थोडे जास्त ठेवून ताकद घ्यावी लागते.

सर्वांत सावध राहायचे ते एप्रिल-मेच्या दुपारी. सकाळभर पाणी निश्चल असते, दुपारी ढग चढतात आणि वळवाच्या आधीचा वारा काही मिनिटांत अंगावर येतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. ती होडी शिडाची नव्हती, शर्यतीतली नव्हती, तरीही या पाण्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो. आठ नॉटला सुखाने चालणारी होडी सोळा नॉटला त्याच शिडावर चौपट जोर सोसत असते. म्हणून मुख्य शिडाला रीफची, म्हणजे शीड खालून गुंडाळून लहान करण्याची, निदान दोन ठिकाणे असावीत. त्यांच्या दोऱ्या कायम ओवलेल्या असाव्यात, आणि चमूला ते काम दोन मिनिटांत करता यावे. ढग चढलेले दिसले की सराव थांबवून काठ गाठावा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात असावे, पेटीत नव्हे. शीड लहान करणे म्हणजे हार, असे काहींना वाटते. शर्यतीचा अनुभव उलटा आहे. रीफ घेतलेली सरळ चालणारी होडी पूर्ण शिडावर कललेल्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर बहुधा गाठते.

या मुद्द्यावरच दुसरा आक्षेप येतो. हिवाळ्यात उजनीवर सकाळी वारा पडलेला असतो, मग तिथे मोठे शीड नको का? मंद वाऱ्यात मोठ्या क्षेत्रफळाचा उपयोग होतो हे वर मान्य केलेच आहे. पण शीड एका सकाळसाठी घ्यायचे नसते. ज्या शर्यतींसाठी तयारी करायची त्या मुंबई बंदरात होतात. तिथला हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतो, आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा चांगला भरतो. १४० टक्क्यांचा जेनोआ पुढची कड सैल सोडून, पोट वाढवून मंद वाऱ्यातही काम देतो. १५५ टक्क्यांचा मात्र भरल्या वाऱ्यात सपाट करता येत नाही, गुंडाळावाच लागतो. ज्याला दोन्ही टोकांना काम करायचे आहे त्याने मधल्या मापाला प्राधान्य द्यावे.

आधी कौशल्य की आधी शीड

तिसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा असतो: नवशिक्याने आधी चालवायला शिकावे, शीड मागाहून. यात बरेच तथ्य आहे. मुंबईच्या सीबर्ड होड्यांसारख्या एकाच बनावटीच्या ताफ्यात सगळ्यांची शिडे एका मापाची असतात, तरी काही जण पुन्हा पुन्हा पुढे राहतात, यावरूनच कौशल्याचे वजन कळते. तरीही ताणलेले शीड शिकणाऱ्याला चुकीचे धडे देते. त्यावर दोरी दोन इंच ओढली तर काय बदलले ते दिसत नाही, लोकरीचे धागे नीट बोलत नाहीत, आणि चूक आपली की कापडाची हे समजत नाही. चांगल्या आकाराचे साधे शीड प्रत्येक बदलाला उत्तर देते. म्हणून अतिमहाग शीड नवशिक्याला नको हे मान्य, पण खराब शीडही नको. शिकायच्या काळातच साधे, नवे डेक्रॉन सर्वांत जास्त परतावा देते.

खर्च टाळण्यासाठी मोठ्या शर्यती नौकांची जुनी शिडे स्वस्तात घेण्याचा मार्ग काही जण सुचवतात. माप जुळले आणि वरची छायाचित्राची कसोटी पार पडली तर तो मार्ग वाईट नाही. पण शर्यतवाल्यांनी शीड विकले याचे कारण बहुधा त्याचा आकार गेला हेच असते, म्हणून चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बारामतीच्या बाजारात ताडपत्री शिवणारे कुशल कारागीर आहेत. शिडाची पिशवी, बूमवरचे उन्हाचे कव्हर, जाड पट्टे त्यांच्याकडून उत्तम करून घेता येतात, फक्त उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा दोरा वापरायला सांगावे. शीड कापून लहान करणे किंवा त्याचे पोट बदलणे हे मात्र शीड बनवणाऱ्याचेच काम आहे, कारण शिडाचा आकार पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापून तयार केलेला असतो आणि तो सरळ टाक्याने नाहीसा होतो. नवे शीड आल्यावर त्याला फडफडू देऊ नये, मुंबईहून परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, घडी न घालता गुंडाळावे. एवढी काळजी घेतली तर शिडाचे शर्यतीतले आयुष्य निश्चित वाढते.

वेळेचे नियोजनही यातच येते. पाणी आणि वारा जुळतील त्या स्थिर सकाळी जुन्या शिडांची छायाचित्रे घेऊन मापे तपासावीत, क्लबची हँडिकॅप पद्धत आणि शिडाच्या मर्यादा विचारून घ्याव्यात, आणि पावसाळा सुरू होताच शीड मागवावे. सगळे मालक सप्टेंबरात घाई करतात, तेव्हा मापाच्या चुका होतात. मागणी नोंदवताना डोलकाठीची उंची आणि पुढच्या तारेची लांबी स्वतः स्टीलच्या टेपने मोजावी, पुस्तिकेतल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. शीड आल्यावर पहिले काही दिवस उजनीच्या भरल्या पाण्यावर दोऱ्या कुठे बांधल्या की आकार कसा होतो याच्या खुणा शाईने दोऱ्यांवर करून ठेवाव्यात, आणि त्या वाऱ्याच्या वेगासह वहीत लिहाव्यात. त्यानंतरच ट्रेलर मुंबईकडे न्यावा. पहिल्या हंगामात निकालपत्रकावर नाव वर चढेलच असे नाही, पण प्रत्येक शर्यतीनंतर कोणत्या वाऱ्यात कोणता आकार चालला हे वहीवरून सांगता येईल. पुढच्या हंगामात दुसरे शीड घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणते, हे मग त्या नोंदींवरूनच ठरवावे.